राष्ट्रीय समर स्मारक, दिल्ली – रिव्ह्यू : परमयोद्धा स्थळावर मेजर धनसिंग थापांसमोर थांबा

दिल्ली ट्रिप ठरवणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू आहे, लांबलाय पण शेवटपर्यंत वाचा. लाल किल्ला, कुतुबमिनार, अक्षरधाम यांच्यावर ढीगभर लिहिलेलं मिळतं, पण इंडिया गेटला लागूनच असलेल्या राष्ट्रीय समर स्मारकाबद्दल आपल्याकडची मंडळी फार बोलताना दिसत नाहीत. इंडिया गेटपाशी फोटो काढायचे, पोरांना आइस्क्रीम घेऊन द्यायचं आणि गाडीत बसून करोलबागला शॉपिंगला. म्हणून रेटिंग आधीच देऊन टाकते. स्मारकाला पाचपैकी पाच. आम्ही ज्या टूर कंपनीबरोबर गेलो तिला पाचपैकी दोन, आणि ते दोनसुद्धा जेवण वेळेवर आणि चांगलं दिलं म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाही पण काय झालं ते पुढे सांगते, कारण असा अनुभव बऱ्याच जणांना येत असणार.

आणि यात एका माणसाबद्दल मला जरा जास्तच लिहायचंय. मेजर धनसिंग थापा. परमवीर चक्र मिळालेले, चिन्यांच्या कैदेत महिनोन्महिने काढलेले आणि तिथून जिवंत घरी आलेले अधिकारी. या स्मारकात जाऊन त्यांच्यासमोर न थांबता कोणी परत आलं तर अर्धं स्मारक बघायचंच राहिलं असं मी म्हणेन.

आम्ही साताऱ्याकडचे. आमच्या बाजूला फौज ही टीव्हीवरची गोष्ट नाही, आपशिंगे मिलिटरीसारखं आख्खं गाव आहे जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस पलटणीत जातो, सुट्टीवर आलेला फौजी एसटीत शेजारी बसलेला असतो, त्याची काळी ट्रंक वर टाकलेली असते. त्यामुळे या जागेबद्दल मनात एक अपेक्षा होतीच. बरोबर मिस्टर, सातवीतला मुलगा आणि माझे सासरे, अण्णा. अण्णांना गुडघ्याचा त्रास आहे म्हणून धाकधूक होती की एवढं चालणं जमेल का, तर जमलं, रस्ते सपाट आणि रुंद आहेत, मध्ये बसायला मिळतं, घाई न करता फिरलात तर वयस्कर माणसांना काहीच अडचण नाही.

आता जागेबद्दल थोडं. २५ फेब्रुवारी २०१९ ला हे स्मारक खुलं झालं. साधारण ४० एकर जागा आहे आणि रचना एकात एक अशा चार वर्तुळांची, चक्रव्यूहाच्या कल्पनेवरून केलेली. सगळ्यात आत अमर चक्र, तिथे साडेपंधरा मीटरचा स्तंभ आणि खाली कायम तेवणारी ज्योत. पूर्वी इंडिया गेटखाली जी अमर जवान ज्योती होती ती २१ जानेवारी २०२२ ला इथल्या ज्योतीत विलीन केली, त्यामुळे लहानपणी इंडिया गेटला ज्योत बघितलेल्यांनी आता ती तिथे शोधू नये, ती इथे आहे. त्याच्या बाहेर वीरता चक्र, ही छप्पर असलेली गॅलरी आहे, सहा मोठी ब्रॉन्झची भित्तिशिल्पं, त्यात लोंगेवाला आहे, तिथवाल आहे, गंगासागर आहे, कराची बंदरावरचं नौदलाचं ऑपरेशन ट्रायडंट आहे, सियाचीनचं मेघदूत आहे आणि रेझांग ला आहे. रेझांग लाचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्याच्याही बाहेर त्याग चक्र, आणि सगळ्यात बाहेर झाडांचं रक्षक चक्र.

त्याग चक्र बघायला वेळ लागतो आणि लागायलाच पाहिजे. ग्रॅनाइटच्या भिंती, प्रत्येक विटेवर एक नाव सोनेरी अक्षरात, अशी साडेपंचवीस हजारांच्या वर नावं. स्वातंत्र्यानंतर देशासाठी गेलेल्यांची. मराठा लाइट इन्फंट्री, महार रेजिमेंट अशी आपल्या ओळखीची नावं वाचत गेलं की पाय निघत नाही. आमच्यापुढे एक जोडपं होतं, बाई विटांवरून बोट फिरवत फिरवत एकेक नाव मोठ्याने वाचत होत्या, मिस्टर त्यांच्या मागे पाण्याची बाटली धरून उभे, कुणाचं नाव शोधत होत्या ते आम्ही विचारलं नाही. अण्णांनी चप्पल काढली आणि पुढची आख्खी भिंत तसेच अनवाणी फिरले, दुपारच्या तापलेल्या फरशीवर. मी म्हटलं अण्णा पाय भाजतील, तर म्हणाले भाजू दे.

यानंतर परमयोद्धा स्थळ. मुख्य वर्तुळांपासून हे जरा बाजूला आहे आणि इथेच बहुतेक टूरवाले गडबड करतात, इथे नेतच नाहीत. परमवीर चक्र आजवर फक्त २१ जणांना मिळालंय, त्या सगळ्यांचे अर्धपुतळे इथे आहेत, खाली नाव, पलटण, थोडक्यात पराक्रम. मेजर सोमनाथ शर्मांपासून कारगिलपर्यंत. आपल्या लोकांसाठी इथे थांबायला कारणं भरपूर. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे, १९४८ ला नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून देणारे. लेफ्टनंट कर्नल तारापोर, जन्म मुंबईचा, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे, १९६५ च्या युद्धातले. आणि हे सुद्धा मुलांना सांगा की परमवीर चक्राचं डिझाइन सावित्री खानोलकर यांचं, मूळच्या युरोपातल्या, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या, पदकावर इंद्राचं वज्र आहे ते त्यांनी पुराणं वाचून आणलं. सैन्यातली मंडळी हे जाणतात पण शाळेत कोणी सांगत नाही.

मुलगा पुढे पुढे पळत एकेक वाचत होता आणि प्रत्येक ठिकाणी "हे पण शहीद, हे पण शहीद" असं चाललं होतं. मग धनसिंग थापांपाशी थांबला आणि विचारलं, "आई, हे तर वारलेच नाहीत. मग यांना कसं मिळालं?"

इथे आमच्याबरोबर गाइड असता आणि त्याला माहिती असती तर किती बरं झालं असतं. मला ही गोष्ट आधीपासून माहीत होती, तिथेच कठड्यावर बसून मी त्याला सांगितली, इथेही सांगते.

धनसिंग थापांचा जन्म १० एप्रिल १९२८, सिमल्याचा. ८ गोरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनमध्ये मेजर. १९६२ ला सरकारचं धोरण होतं की लडाखमध्ये पुढे पुढे छोट्या चौक्या टाकत जायच्या, तशीच एक चौकी पँगाँग सरोवराच्या उत्तर काठावर सिरिजाप इथे टाकलेली, चुशूलच्या धावपट्टीचं रक्षण डोळ्यांपुढे ठेवून. आता पँगाँग म्हटलं की आपल्याला निळंशार पाणी आणि सेल्फी आठवतात, लडाख टूरमध्ये सगळे जातात. तिथे १४ हजार फुटांवर, ऑक्टोबरच्या थंडीत, दगडासारख्या जमिनीत खंदक खणून २८ जण बसले होते. २८. आजूबाजूला चिन्यांनी आपल्या चौक्या टाकून यांना जवळजवळ घेरलेलं, सामान यायचं ते सरोवरातून बोटीने. आदल्या दिवशी समोर चिनी जमवाजमव दिसली तेव्हा थापांना काय येणार ते कळलं आणि त्यांनी पोरांना खंदक आणखी खोल घ्यायला लावले.

२० ऑक्टोबर १९६२, पहाटे तोफा सुरू झाल्या. वायरलेस सेट त्यात गेला, म्हणजे बटालियनशी संपर्कच तुटला, मदत मागायची सोय नाही. मग सहाशेच्या आसपास चिनी सैनिक चौकीवर चालून आले. गोरख्यांनी हल्ला परतवला. परत तोफांचा मारा, परत हल्ला, आधीपेक्षा जास्त माणसं, तोही परतवला. या सगळ्या वेळात थापा एका खंदकातून दुसऱ्या खंदकात जात होते, सुभेदार मिन बहादूर गुरुंग ढासळलेल्या बंकरखालून स्वतःला बाहेर काढून लाइट मशीनगनवर बसले होते. तिसऱ्या वेळी चिनी रणगाडे घेऊन आले. तोपर्यंत चौकीत लढू शकणारी माणसं मोजकीच उरली होती, दारूगोळा संपत आलेला. चौकी पडली तेव्हा थापा खंदकातून बाहेर आले आणि हातघाईवर उतरले, गोरख्यांची खुकरी तुम्हाला माहीतच आहे, अनेकांना मारलं आणि मग खूप जणांनी मिळून त्यांना पकडलं.

ही शेवटची गोष्ट आपल्या बाजूला कोणालाच कळली नाही. चौकीचं काय झालं बघायला बटालियनने बोटी पाठवल्या, त्यांच्यावरही गोळीबार झाला, एक बुडाली, दुसरी कशीबशी परत आली ती हीच खबर घेऊन की तिकडे कोणी वाचलेलं नाही. मेजर थापा गेले असंच सगळ्यांनी धरलं आणि मरणोत्तर म्हणून परमवीर चक्र देण्याचं ठरलं. घरी कळवलं गेलं. घरच्यांनी अंत्यविधी केले.

आणि मग कैद्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं.

मुलगा इथे उठून उभाच राहिला. "म्हणजे चिन्यांकडे होते?" हो, चिन्यांकडे होते. आणि तिकडे हाल झाले. आमची माणसं मारलीस म्हणून शिक्षा, आणि स्वतःच्या सरकारविरुद्ध, स्वतःच्या सैन्याविरुद्ध बोल म्हणून दबाव, बोलले नाहीत म्हणून आणखी शिक्षा. जिनिव्हा करार १९४९ चा आहे, त्याप्रमाणे पकडलेल्या सैनिकाला फक्त नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख एवढंच सांगणं भाग असतं, त्यापलीकडे एक शब्द त्याच्याकडून जबरदस्तीने काढता येत नाही. कागदावर हे फार सोपं दिसतं. थंडी, भूक, घरी काय चाललंय त्याचा पत्ता नाही, सुटका होणार का माहीत नाही, समोरचा रोज तेच विचारतोय, आणि तुम्ही रोज गप्प. खंदकातून खुकरी घेऊन बाहेर येणं काही मिनिटांचं असतं हो, त्यात रक्त तापलेलं असतं, बरोबर आपली माणसं असतात. कैदेत कोणी बघत नसतं. मला विचाराल तर थापांचं शौर्य त्या सकाळी संपलं नाही, ते तिथून पुढे महिनोन्महिने रोज चालू होतं.

मे १९६३ मध्ये ते परत आले. घरी आल्यावर काय झालं ते त्यांच्या घरच्यांनी सांगितलेलं आहे, आणि ते ऐकून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. अंत्यविधी झालेले होते ना, पत्नी विधवेसारखी राहत होती, तर आधी त्यांचं मुंडन झालं आणि मग स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्नाचे विधी करावे लागले. जिवंत माणसाला परत घरात घ्यायला धर्माने जी वाट ठेवली होती ती त्यांनी धरली. पुढे ते सैन्यातच राहिले, १९८० ला लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले, २००५ पर्यंत होते. मरणोत्तर म्हणून ठरलेलं देशातलं सर्वोच्च शौर्यपदक स्वतःच्या छातीवर लावून पुढे १७ वर्षं नोकरी केलेला माणूस.

आता अजून एक गोष्ट, जी मला त्या पुतळ्यांच्या रांगेत उभी असतानाच नीट कळली. १९६२ च्या युद्धासाठी परमवीर चक्र तिघांना मिळालं. मेजर शैतानसिंग, १३ कुमाऊँ, रेझांग ला, १८ नोव्हेंबर, त्यांचा देह थेट पुढच्या फेब्रुवारीत बर्फात सापडला. सुभेदार जोगिंदरसिंग, पहिली शीख पलटण, तवांगच्या वर बुम लाच्या भागात २३ ऑक्टोबरला, मांडीत गोळी लागलेली असताना मागे जायला नकार देऊन मशीनगन चालवली, शेवटी संगिनी लावून चढाई केली, जखमी अवस्थेत पकडले गेले आणि चिन्यांच्या कैदेतच वारले, मे १९६३ मध्ये चिन्यांनी त्यांच्या अस्थी लष्करी इतमामाने परत दिल्या. आणि तिसरे थापा. म्हणजे बघा, तिघांपैकी दोघं युद्धकैदी झालेले. एक तिकडेच गेला, एक परत आला. देशाचं सगळ्यात मोठं शौर्यपदक ज्या युद्धात ज्यांना दिलं त्यातले बहुसंख्य शत्रूच्या हाती जिवंत सापडलेले होते, आणि तरी आपल्याकडे कोणी पकडला गेला म्हटलं की लोकांचा आवाज बदलतो. "मग हात वर केले असतील" असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत, सुशिक्षित माणसाकडून. त्याला या रांगेसमोर आणून उभा करायला पाहिजे.

१९७१ चे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी आपल्याकडे लहान पोराला पण पाठ असतात. छानच आहे, असावेत. पण १९६२ ला आपले जवळपास चार हजार जवान आणि अधिकारी चिन्यांच्या कैदेत होते हे किती जणांना माहितीये? ७ ब्रिगेडचे ब्रिगेडियर जॉन दळवी, आडनाव बघा, २२ ऑक्टोबरला पकडले गेले, ते सुद्धा मे १९६३ लाच परतले. १९७१ मध्ये बेपत्ता झालेले आपले ५४ जण, ज्यांची घरं वर्षानुवर्षं सरकारदरबारी चकरा मारत राहिली, ते कुठल्या भिंतीवर शोधायचे? हवाई दलाचे दिलीप परुळकर, आपले मराठी वैमानिक, ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या कैदेची भिंत फोडून दोघा साथीदारांसह निसटले आणि अफगाण सीमेपासून अगदी थोड्या अंतरावर लंडी कोतलला सापडले, हे आपल्या पोरांना गोष्ट म्हणून सुद्धा कोणी सांगत नाही. २०१९ ला अभिनंदन वर्धमान परत येणार होते त्या संध्याकाळी आख्खा देश टीव्हीला चिकटून होता, आमच्या सोसायटीत पेढे वाटले. १९६३ च्या मे महिन्यात परतलेल्या त्या हजारो लोकांसाठी पेढे कोणी वाटले असतील? हरलेल्या लढाईतून आलेली माणसं म्हणून सगळ्यांना ती गोष्ट विसरायची घाई होती. मला याचा मनापासून राग येतो. लढाई हरली ती वर बसलेल्यांच्या निर्णयांनी, चौकीतल्या २८ जणांनी नाही.

स्मारकाबद्दल माझं म्हणणं एवढंच की त्याग चक्राच्या भिंतीवर गेलेल्यांची नावं आहेत आणि तशीच ती असायला हवीत, पण कैद भोगून परत आलेल्यांना भेटायचं असेल तर या आवारात थापांचा पुतळा ही त्याची जागा आहे. म्हणून परमयोद्धा स्थळ टाळू नका. मुलं बरोबर असतील तर भरभर २१ नावं वाचण्यापेक्षा तीन-चार जणांपाशी नीट बसा, गोष्ट आधी घरून वाचून जा, मुलं ऐकतात. आमच्याने नंतर बसमध्ये शेजारच्या दोन पोरांना सिरिजापची लढाई पुन्हा सांगितली आणि त्यात चिन्यांचे रणगाडे दोनाचे दहा झाले, असू दे.

जाता जाता, थापांचं नाव दिल्लीबाहेरही आहे. मुंबईतल्या आपल्या शिपिंग कॉर्पोरेशनने १९८० च्या दशकात परमवीरांच्या नावाचे तेलवाहू टँकर घेतले होते, त्यात एक त्यांच्या नावाचा, पंचवीस वर्षं समुद्रात चालला. आणि २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावं दिली, त्यातलं एक धनसिंग द्वीप. सिरिजाप मात्र आज चीनच्या ताब्यातल्या भागात आहे, पँगाँगला गेलात तरी तिथे जाता येत नाही.

आता टूर कंपनीचं. माहितीपत्रकात "नॅशनल वॉर मेमोरियल" असं ठळक छापलेलं, आम्ही पॅकेज घेताना त्यावर बोटही ठेवलं होतं. प्रत्यक्षात बस आली दुपारी टळटळीत उन्हात, टूर मॅनेजर म्हणाला, जेमतेम अर्धा तास आहे, ज्योतीपर्यंत जा, फोटो काढा आणि या, पुढे मार्केटला उशीर होतो. लोकल गाइड दिला होता तो गेटवरच सावलीत थांबला आणि तिथूनच हात करून सांगितलं, "अंदर सब शहीदों के नाम हैं, देख लीजिए." परमयोद्धा स्थळ कुठे आहे विचारलं तर म्हणे ते आपल्या आयटनरीत नाही. अहो आवार एकच आहे, तिकीट नाही, वेगळी परवानगी नाही, आयटनरीत नाही म्हणजे काय? मी सरळ सांगितलं की आम्ही चौघं थांबतोय, तुम्ही जा, आम्ही आमचे रिक्षाने हॉटेलवर येतो. बसमधली अजून दोन कुटुंबं आमच्याबरोबर उतरली. मार्केटचा अर्धा दिवस होता त्यात कोणाचं काय बुडालं नाही. रात्री मॅनेजरशी बोलले, माणूस वाईट नव्हता, ऐकून घेतलं, ऑफिसला सांगतो म्हणाला. परत आल्यावर फीडबॅक फॉर्मात पण सगळं लिहून दिलंय.

जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. प्रवेश फुकट आहे. वेळ उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळी असते, जायच्या दिवशी बघून घ्या. एप्रिल ते जून दुपारी जाऊच नका, सावली फार नाही, चार-साडेचारनंतर जा आणि संध्याकाळपर्यंत थांबा, कारण रोज संध्याकाळी एका शहीद जवानाच्या घरचं माणूस येऊन स्तंभापाशी पुष्पचक्र वाहतं, बिगूल वाजतं, तो कार्यक्रम चुकवण्यासारखा नाही. आम्ही थांबलो त्या दिवशी एक वयस्कर आई आलेल्या होत्या, दोन जवानांच्या मध्ये ताठ चालत गेल्या, आवारातले सगळे लोक आपोआप उभे राहिले, कोणी सांगावं लागलं नाही. मेट्रोने यायचं तर सेंट्रल सेक्रेटरिएट किंवा खान मार्केट, दोन्हीकडून चालायला बरंच आहे, वयस्कर असतील तर रिक्षा करा. पाण्याची बाटली जवळ ठेवा, मोठ्या बॅगा आणू नका, सिक्युरिटीला वेळ जातो. स्वच्छता उत्तम, जवान लोक विचारलं तर अगदी आपुलकीने सांगतात, अण्णांना एकाने हात धरून पायरी उतरवली, नाव विचारलं तर बेळगावकडचा निघाला, मग काय, मराठीत गप्पा. त्यानेच परमयोद्धा स्थळाची वाट दाखवली. भूक लागली तर कस्तुरबा गांधी मार्गावरचं महाराष्ट्र सदन जवळ आहे, चार दिवस छोले-पनीर खाऊन कंटाळलेल्यांना तिथलं जेवण बरं वाटेल.

निवांत बघायचं तर दीड-दोन तास धरा, भिंतीवर ओळखीचं नाव शोधायचं असेल तर त्याहून जास्त. आणि टूरने जात असाल तर पैसे भरायच्या आधी व्हॉट्सअॅपवर लेखी विचारून घ्या की समर स्मारकात किती वेळ देणार आणि त्यात परमयोद्धा स्थळ धरलंय की नाही, तोंडी "हो हो, सगळं आहे" यावर जाऊ नका. नसेल धरलं तर तो दिवस टूरमधून काढून स्वतःचे स्वतः जा.